गार्डाचा डबा

धरणगावच्या अलीकडचं फाटक पडलेलं.
मे महिना, दुपारचे दोन,
स्टँड लावलं तर डांबरात रुतेल.
लुनाच्या मागे सुतळीनं आवळलेली
पिठाच्या गिरणीची मोटार, जळालेली,
आणि तिच्यापायी अर्ध्या गावाचं दळण खोळंबलेलं.

पुढच्या पिकअपनं रिव्हर्स घेतला.
केळीचे घड, वर ओलं गोणपाट,
आणि खण्णकन माझा हेडलाइट.

तो उतरला. माझ्याआधी तोच ओरडला,
"तुले दखास नही का रे?
इतला चिटकीसन कसाले उभा राहस?"
गाडी त्याची मागे आली
आणि डोळे माझे फुटके!

तेव्हा कानात तो आवाज सुरू झाला
जो मी रोज दुसऱ्यांच्या मोटारींत ऐकतो.
फिरत नाही, नुसती गुरगुरते,
करंट खात राहते.
बावीस वर्षं वाइंडिंग करतोय,
तांब्याची तार कधी एकदम जळत नाही.
आधी वार्निशचा वास सुटतो, गोडसर.
त्या वासाला जो स्विच पाडतो त्याची मोटार वाचते,
बाकीचे माझ्याकडे येतात.
गिऱ्हाइकांना हे मी फुकट सांगतो.
मला शिकवायला रोहिदास बडगुजर लागला.

चोपडा नाक्यावर, सात वर्षांमागे,
आधी सायकल की आधी लुना, एवढ्यावरून
मी त्याच्या कानाखाली दिली.
चष्मा फुटला.
मग अठरा तारखा.
कोर्टाबाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी,
शेवटी शेवटी तो पुडीतल्या शेंगा पुढे करायचा
आणि मी घ्यायचो,
आत आमचे वकील एकमेकांवर ओरडत असताना.

तर फाटकाशी मी तोंड उघडलं
ते थेट त्याच्या आईपर्यंत जाणारं वाक्य घेऊन.
जिभेवर तयार होतं, सोलून ठेवलेलं.
तेवढ्यात भोंगा.
मालगाडी, कोळशाची.

त्याचे ओठ हलत होते,
शब्द चाकांखाली जात होते.
माझंही वाक्य आत टाकून उपयोग नव्हता,
म्हणून मोजायला लागलो.
वीसपर्यंत त्याच्याकडेच बघत, दात आवळून,
एकेक डबा त्याच्या टाळक्यात घालत.
तीसनंतर नुसते डबे.
चाळिसाच्या आसपास दिसलं
की त्याच्या पायात दोन वेगळ्या चपला आहेत,
आणि तो माझ्याकडे बघतच नाहीये,
गोणपाट वाळत चाललंय तिकडे बघतोय,
आणि त्याचंही बोट मांडीवर वाजतंय.

गाडी गेली. कान मोकळे झाले.
मी म्हणालो, का म्हणालो कोण जाणे,
"अठ्ठावन्न."
"नही. एकोणसाठ व्हतात."
"अठ्ठावन्न."
"एकोणसाठ, भो. मी मोजेल शेतस."
वाटलं, आता यावरून पेटतंय.
गेटमननं चाक फिरवलं, दांडा वर गेला,
मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं आम्हा दोघांत मिळून
एकच शिवी दिली,
आणि आपापल्या वाट्याची घेऊन आम्ही निघालो.

माफी नाही, पैसे नाहीत.
काच एकशे नव्वदची.
दुकानात सुपडूनं विचारलं तर म्हटलं, दगड उडाला.

मी काही संत झालो नाही.
रात्री अंगावर पाणी घेताना
त्याला सणसणीत उत्तर दिलं, बादलीला,
दोनदा, दुसऱ्यांदा जास्त चांगलं.
बाहेरून बायको म्हणाली, आत कोण आहे?
साबण डोळ्यात गेला होता
आणि तेव्हा सुचलं,
त्यानं शेवटचा, गार्डाचा डबा धरला असणार.
मी धरला नव्हता.

विचारून बघायला हवं एकदा.
पिकअपचा नंबर तोंडपाठ आहे,
रागाच्या भरात केलेला.