बेगमी

सोहारला डिसेंबरात थंडी पडते
म्हणजे जॅकेट घालायला निमित्त मिळतं, एवढंच.
पण दवाखान्यात खोकला सुरू होतो
आणि मंगळवारी दुपारी आमच्याकडे पेटी येते:
गुलाबी पाण्यात बुडालेल्या बारा काड्या,
बारा नाकांच्या आतली खबर.

सातवी तोफज्जलची.
बंदरावर लोखंड उतरवतो, वय चौतीस, ताप तीन दिवस.
काडी मीच घातली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं,
ओशाळून म्हणाला, रडत नाही हां, मॅडम.
मग विचारलं, रिपोर्ट कधी?
लवकरच, म्हटलं मी.
खरं म्हणजे, भाऊ,
शुक्रवारपर्यंत तुझा ताप उतरेल,
तू पुन्हा क्रेनखाली उभा राहशील,
आणि हा रिपोर्ट पुढच्या हिवाळ्याचा आहे.

मशीनवर चोविसाव्या फेरीला रेघ उठली.
ए, एच-थ्री. ओळखीचाच,
पण तोंडवळा जरा बदललेला,
गावाहून मिशी ठेवून आलेल्या चुलतभावासारखा.
नाताळाआधीचं विमान गाठायचं होतं.
सुक्या बर्फात नळी ठेवली, वर लिहिलं
ए / सोहार / ४१७.
त्याचं नाव माझ्या वहीत राहिलं, पेन्सिलीनं.

दिघीला अम्मा मे महिन्यात सोडे सुकवायची,
दिवसभर कावळे हाकत.
होड्या वर ओढल्या की खायला.
पाऊस किती लांबेल ते तिला कोण सांगणार?
कधी डबा उरायचा, वास मारायचा,
कधी नारळी पौर्णिमेआधीच तळ दिसायचा,
आणि अम्मा म्हणायची, चुकला गं अंदाज,
जणू पाऊस तिनंच पाडला होता.

फेब्रुवारीत कुठल्याशा थंड शहरात
टेबलाभोवती माणसं बसतात, नकाशे, आलेख, कॉफी,
आणि तेही असंच काहीतरी ठरवतात.
मग अंडी. लाखो अंडी, उबेत.
तोवर तो थांबतो थोडाच.

ऑक्टोबरात खोकी आली.
तोफज्जल जूनमध्येच बारिसालला परतला, करार संपला.
मी घडीचा कागद उलगडून बारीक अक्षरं वाचली:
सोहार नव्हतं.
दुसरंच शहर, दुसराच आकडा,
दुसऱ्याच कुणाचं नाक.

शेरिन म्हणाली, हात सैल सोड.
सोडला.
त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं असेल.
त्यानंही विचारलं असेल, कधी?