पानी गोड हाय का

पासपोर्टावर नाव आलं: सुवार्ता याकोब तायडे,
वय एकसष्ट, निवृत्त नर्स.
पाळकसाहेब हसले होते,
"बाई, बापाच्या विहिरीवर जाऊन या एकदा."
माझ्या बापाची विहीर नव्हती.
दर्यापूरच्या अलीकडे, पूर्णेच्या काळ्या मातीत
आमच्या साऱ्या विहिरी खारट.
त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही,
आणि मिशनच्या दवाखान्यात मी तीस वर्षं
मुतखड्यानं वाकलेली माणसं सरळ केली.

खरं सांगते, पहिले पाच दिवस काहीच झालं नाही.
पिवळ्या टोप्या घालून आम्ही एकेचाळीस जण
झेंड्यामागं चालत होतो.
बेथलेहेमात रांग. ढकलाढकली आपल्यासारखीच.
यार्देन पाहून मनात आलं,
ही तर आपली पूर्णा, मार्च महिन्यातली.
नाशिकच्या बाई रडल्या, पुण्याचे दोघे पाण्यात उतरले,
मी काठावर त्यांच्या चपला सांभाळल्या
आणि मला रडू का येत नाही, याची लाज वाटली.
क्षार समुद्र तेवढा ओळखीचा निघाला.
बोट बुडवून जिभेला लावलं.
हं. हे आपलंच.

सहाव्या दिवशी याकोबाची विहीर.
देवळाच्या पोटात पायऱ्या उतरायच्या,
माझा गुडघा एकेका पायरीला शिव्या देत होता.
खाली दिवे, धूप, काळ्या झग्यातला म्हातारा
आणि मधोमध ती. काठाला दोराच्या खाचा.
म्हाताऱ्यानं पेलाभर पाणी आत ओतलं,
बोट ओठांवर ठेवलं.
आम्ही ऐकत राहिलो.
इतका वेळ, की कोणीतरी खोकलं.
मग खालून आवाज आला.

रहाट फिरला, बादली वर आली.
सगळे प्रार्थना पुटपुटत होते,
माझ्या तोंडून निघालं एवढंच:
"पानी गोड हाय का?"

गोड होतं.
गार, दगडाच्या चवीचं, गोड.

आणि तिथं मला माय दिसली.
बाप्तिस्म्याआधीची, तेव्हाची शेवंता.
गोड्या पाण्याची विहीर गावात एकच, पाटलाच्या मळ्यात,
सकाळ-संध्याकाळ ती इतरांची.
माय जायची भर बाराला, वैशाखात,
लांब उभी राहायची घागर मांडून,
कोणी येईल, वरून ओतेल, म्हणून.
कधी कोणी यायचं. कधी दोन वाजायचे.

संडे स्कूलात आम्हाला शिकवलं होतं,
ती शोमरोनी बाई दुपारी आली, कारण तिची चाल वाईट.
मीही पोरांना तेच शिकवलं, चित्रं दाखवून, वीस वर्षं.
ज्यांना सकाळ मिळत नाही
तेही दुपारीच येतात विहिरीवर,
हे मला माहीत होतं की. माझ्या घरातच होतं.

आणि तो तिथं बसलेला. दमलेला, भांड्याशिवाय.
त्यानं काय दिलं, ते नंतरचं.
आधी त्यानं मागितलं.
तिच्या हातचं.

माझ्या मायच्या हातचं पाणी कोणी मागितलं नव्हतं.
मी पायरीवर बसले.
गुडघ्यामुळं, असं सगळ्यांना वाटलं.

परत आले तर यार्देनच्या पाण्याची बाटली
बॅगेत सांडून स्वेटर भिजलेलं.
महिला मंडळ हळहळलं.
उपासनेत साहेबांनी दहा मिनिटं दिली,
मी दोन मिनिटांत खाली बसले.
म्हटलं, विहीर हाय. खरी हाय. लय खोल हाय.

आता गावात वीस रुपयांत जार येतो.
मळ्यातली विहीर बुजत आली, आत बाभूळ वाढली.
मी जाते कधीकधी, बाराच्या सुमारास,
पदर डोक्यावर घेऊन काठावर बसते.
परवा पाटलाच्या नातवानं मोटारसायकल थांबवली,
"सिस्टर, उन्हात काहून बसल्या? कोनाची वाट पाह्यता?"
बोलताबोलता त्याचा घसा कोरडा पडला.
माझ्या बाटलीकडं पाहिलं त्यानं.
मी बाटली पुढं केली नाही.
मागू दे, म्हटलं.