गणपूर्ती

वेंगुर्ल्यात, काजूच्या कारखान्याच्या माडीवर
दर गुरुवारी साडेसहाला त्यांची सभा.
पाटी आमच्या सुऱ्या पेंटरने रंगवली,
‘इटालियन मित्रमंडळ’,
आणि हाताला सवय म्हणून कोपऱ्यात गणपती काढला.
त्यांनी तो राहू दिला.

मी खाली हिशेब लिहायचे.
माडीची किल्ली माझ्याकडे,
म्हणून इतिवृत्ताची वहीही माझ्याकडे आली.

तेव्हा अकरा होते.
सोलायची यंत्रं बसवायला आलेले पाच जण,
रेडीच्या खाणीवरचे दोघे,
आरवलीला भट्टी लावून मातीची भांडी करणारी ओर्नेला,
एक नवरा-बायको, ज्यांचं मुळीच पटत नसे
पण गुरुवारी यायचे एकाच स्कूटरवर.
आणि अकरावा ईनास आल्मेडा, उभादांड्याचा,
ज्याने जिनोव्हाच्या बोटींवर बावीस वर्षं इंजिनाला तेल घातलं.
त्याची इटालियन ऐकून ओर्नेला कानांवर हात ठेवायची.
ती सगळी इंजिनरूममध्ये शिकलेली होती.

उद्देश, कलम दोन: परस्परसंपर्क वाढवणे.
म्हणजे ओरोसला पोलिसांकडे नोंद करायला कुठला फोटो चालतो,
गॅसचा नंबर कोणाच्या नावावर लावायचा,
मुंबईहून कुरिअरने आलेलं चीज
कुडाळच्या उन्हात किती तास पडून होतं,
कोणाची आई तिकडे जिन्यावरून पडली
आणि तिकीट कितीला मिळतंय.
उत्तरेकडचे दक्षिणेकडच्यांना हसायचे.
ईनास मला म्हणाला,
‘आपले घाटावरचे नि खालचे, तसाच गो ता.’
बांगड्यावर चीज घालावं की नाही
यावर एकदा मतदान झालं.
सहा विरुद्ध पाच. निकाल मी लिहिला नाही,
दोन्ही बाजूंनी विनंती केली होती.

मग यंत्रं बसून झाली.
यंत्र नीट बसलं की बसवणाऱ्याचं काम संपतं,
हे कोणी आधी बोललं नव्हतं.
खाण बंद पडली. नवरा-बायको वेगवेगळ्या महिन्यांत गेले,
स्कूटर अजून आमच्या शेडमध्ये आहे.
ओर्नेलाने भट्टी विकली, मला एक गडू दिला,
तो गळतो.

ईनास गेला तेव्हा चर्चमध्ये तुलिओ बोलला.
ईनासच्याच इटालियनमध्ये बोलला,
एकही शिवी न गाळता.
पाद्रीबाबांनी डोळे पुसले.
मी खाली बघत राहिले, थोडंफार मला कळायला लागलं होतं.

आता तुलिओ एकटा.
घटनेप्रमाणे सभेला किमान तीन सभासद लागतात.
वही मिटून तो म्हणाला, मग संपलंच.
मी म्हटलं, थांबा.
आमच्या पतपेढीच्या प्रत्येक नोटिशीत खाली एक ओळ असते:
गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास
अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरेल,
आणि तिला गणपूर्तीचं बंधन राहणार नाही.
त्याने ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.
म्हणाला, हे कोणी लिहिलं?
मी म्हटलं, माहीत नाही. सगळेच लिहितात.
त्याने ती घटनेत घातली, खाली सही केली,
सूचक तोच, अनुमोदकही तोच.

तेव्हापासून साडेसहाला मी लिहिते, सभा तहकूब.
मग अर्धा तास.
देवघरातल्या समईएवढ्या भांड्यात
त्याची कॉफी गुरगुरते.
मी तुकडा-काजूची पुडी सोडते.
तो सांगतो, त्यांच्या गावात धुकं कसं
गुडघ्यापर्यंत येऊन थांबायचं.
मी सांगते, मस्कतला भावाच्या मंडळात
यंदा हळदीकुंकवाला चाळीस बायका आल्या,
आणि त्याने फोनवर मला प्रत्येकीचं गाव सांगितलं.
कधी वीज जाते. तेव्हा दोघेही बोलत नाही.

सातला तो उठतो, गळ्याशी बटण लावतो,
टेबलावर बोटाने टकटक करतो.
उपस्थिती: एक.
मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम.
आयत्या वेळचे विषय: नाहीत.
तहकुबीतलं काही वहीत येत नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल उतरलाय,
अर्धा तास हल्ली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालतो.
नवा सेल महिनाभर माझ्या पर्समध्ये आहे.
तुलिओच्या मनगटावर त्याचं स्वतःचं घड्याळ आहे,
चांगलं चालणारं.