अवधाण

रात्री पाऊण वाजता भरती, चार मीटर साठ.
कोपरखैरण्याच्या धारण तलावावर मी रजिस्टरात लिहितो:
झडपा मिटल्या. तिसरी नीट मिटत नाही.
खाली सही, हसुराम मढवी.
अकरा वर्षं हीच ओळ.
तिसरीचं वर कळवलं की पालिका काखा वर करते,
खारफुटी वाढलीय, कोर्टाची परवानगी लागेल.

सकाळी घरी दुसरी वही.
सुगंधा काख वर करून बसते, मी टेप लावतो.
मनगट एकोणीस. कोपराखाली साडेएकोणतीस. दंड सदतीस.
शेजारी उजव्या हाताचे आकडे,
म्हणजे कळतं पाणी किती चढलं.
तळवलीचा शिंपी आता विचारतही नाही,
डाव्या बाहीला कापड जास्त धरतो.

लहानपणी पायात कालवाची शिंप घुसली
की दुसऱ्या दिवशी जांघेत अवधाण यायचं.
आई ते दाबून बघायची आणि ओरडायची,
'कुठं लागलंय ते सांग आधी.'
गाठीवर तिचा राग नसे.
गाठ म्हणजे चौकी. आत कुणी जागं आहे, एवढाच निरोप.

म्हणून सुगंधाच्या काखेत गाठ आली तेव्हा
आम्ही तिची बोटं बघितली, कोपर बघितला,
मासळी साफ करताना काटा बोचला का आठवून बघितलं.
चार महिने जखम शोधत होतो.
काखेत कळसा.

अठरा गाठी काढल्या.
रिपोर्टात तीन वाईट.
मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग बाकीच्या पंधरा?
त्या म्हणाल्या, आधी कळत नाही हो,
सगळ्याच काढाव्या लागतात.

पंधरा चांगल्या. रात्रपाळीवर होत्या,
तिघींबरोबर त्यांनाही घरी बसवलं.
मी कंत्राटी माणूस, मला लगेच समजलं.

आता त्या हाताला सुई नाही,
रक्तदाबाचा पट्टा नाही, बांगडी नाही.
मागच्या चैत्रात शिंगाळ्याचा एक काटा लागला,
संध्याकाळपर्यंत हात लालभडक, रात्री एकशे तीन ताप,
आणि काखेत काहीच आलं नाही.
अवधाण यायला तिथं कुणी नव्हतंच.

वाशीच्या फिजिओ ताई शिकवायला आल्या.
म्हणाल्या, या पाण्याला लसीका म्हणतात.
रक्ताला हृदय आहे, याला नाही.
श्वासाच्या, हालचालीच्या जोरावर हे सरकतं,
वाटेत बारीक झडपा, एकाच बाजूला उघडणाऱ्या.
मी म्हटलं, ताई, पुढचं मी सांगतो.
आधी पुढचं रिकामं करायचं.
गळा, मग उजवी काख, मग छाती,
मग दंड, कोपर, पंजा सगळ्यात शेवटी.
माझा बाप खाजणात उघाडी सांभाळायचा.
तेव्हा इथे सेक्टर नव्हते, भात होतं.
ओहोटी बघून पाणी सोडायचं,
घाई केली की बांध जातो.
ताई हसल्या. फक्त हात हलका ठेवा म्हणाल्या,
कातडी सरकेल एवढाच.

एवढा हलका हात मला कुठून यायचा?
गंजलेले बोल्ट पिळलेला हा हात.
नातवाच्या टाळूला तेल लावायचो ते आठवून आठवून शिकलो.
अर्ध्यातच सुगंधाचा डोळा लागतो.
मग पट्टी, बोटांपासून वर, खाली घट्ट, वर सैल.
काही सकाळी सदतीसचे साडेछत्तीस होतात.
काही सकाळी अडतीस.

काल पट्टी बांधताना ती म्हणाली,
'त्या पंधरांचं काय केलं असेल रे त्यांनी?'
बाटलीत ठेवल्या असतील, मी म्हटलं.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, 'निदान सांगायचं तरी होतं त्यांना,
तुमचं काही चुकलं नव्हतं.'

आज पौर्णिमेची भरती.
तिसऱ्या झडपेखालून पाणी आत येतंय, बोटभर.
मी बॅटरी मारून बघत बसलोय.