उशिरा आलेली ओळ

तार्तूत डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात.
ऊर्वे हेरिंगची बशी कीबोर्डपासून लांब सरकवते
आणि पोरांच्या स्क्रिप्ट
एकेक करून खोलीत सोडते.

खोली आपली म्हणायला.
तिला खिडकी नाही, फाइल नाही, नेटवर्क नाही,
भिंतीवर घड्याळसुद्धा नाही.
आत गेलेल्याला बेरीज येते, लूप येतो,
बाहेर काही असतं
एवढं ठाऊक नसतं.

पहिल्या दिवशी सगळी पोरं एकाच ठिकाणी ठेचकाळली:
कन्सोल नावाचं इथे कुणी नाही.
खरंच होतं. तिनेच कुणाला ठेवलं नव्हतं.
मग तिने एक तोतया उभा केला.
नाव तेच, हाकेला ओ देणारा,
पण पडद्यावर अक्षर न उमटवणारा,
बोललेलं सगळं मुकाट ओच्यात घेणारा,
एका अॅरेत, ओळीमागे ओळ.
भिंतीला कान असतात म्हणतात.
इथे भिंत आधी होती,
कान मागाहून बसवला.

स्क्रिप्ट संपली की ओचा झटकायचा,
उत्तराशी ताडून बघायचं,
हिरवं किंवा लाल.
तीनशे बारा पोरं, चहा निवायच्या आत.

मग सर्व्हरची मेमरी फुगायला लागली.
झटकलेले ओचे कुठेतरी तसेच पडून होते.
ती एकेक उघडत गेली, वैतागून,
जुन्या कोटांचे खिसे तपासावेत तशी.

रोदिऑन, नार्वाचा. वसतिगृह, तिसरा मजला.
एक ते वीस आकडे छापा.
छापले. हिरवं.
आणि त्याखाली एकविसावी ओळ,
निकाल लागून गेल्यावर आलेली,
प्रॉमिसच्या पाठीवर बसून,
दार लागल्यानंतर:
"खोलीतला रेडिएटर गार आहे."

मागचा स्वाध्याय:
"आईने आजही फोन उचलला नाही."
त्याच्या मागचा:
"मी नाव सांगितलं की सगळे दोनदा विचारतात."
थेट सप्टेंबरपर्यंत,
प्रत्येक हिरव्या खुणेखाली एक.
लाल खुणेखाली एकही नाही.
म्हणजे पोराला माहीत होतं
कान कधी मिटतो.

चूक तिचीच.
एका शब्दाची दुरुस्ती होती: थांब.
तो लिहिला की ओळ वेळेत पोचणार,
आकडे वीसच हवेत, एकवीस नकोत,
आणि पोरगा नापास.
कर्सर बराच वेळ लुकलुकला.
तिने मेमरीचं तेवढं निस्तरलं,
थांब लिहिलं नाही.

वसतिगृहाच्या बाईंना फोन केला.
तिसऱ्या मजल्यावरचा रेडिएटर, म्हणाली.
तुम्हाला कुठून कळलं?
कळलं.

गुरुवारी, सम-विषमच्या स्वाध्यायाखाली:
"गरम झाला. योगायोग असेल."

ऊर्वे हसली, मग हसू थांबलं.
आतलं बाहेर यायची सोय तिने केली होती,
बाहेरचं आत जायची नव्हती.
त्या रात्री तिने खोलीत
तोतयाशेजारी आणखी एक नाव ठेवलं:
याह. तिच्या भाषेत, हो.
किंमत, खरं.
सगळ्यांच्याच खोलीत ठेवलं,
एकट्याच्याच ठेवलं असतं तर मुख्याध्यापकांना कारण द्यावं लागलं असतं.

कुणी विचारलं नाही तर ते दिसत नाही.
कुणी बसलंच
खोलीतल्या वस्तू मोजायला,
तर एक असायला हवी,
तिथे दोन निघतील.