पाच टक्क्यांच्या अलीकडे

पादऱ्याच्या रस्त्याला, कालव्याच्या कडेला
दीड विघा भेंडी. अर्धी माझी, अर्धी मंगुबेनची.
मंगुबेन पढियार तिला भींडो म्हणते,
म्हणजे तिच्याकडे तो बाप्या, माझ्याकडे ती बाई,
आणि अळी शेंडा पोखरते तेव्हा
दोघींच्या तोंडून एकच शिवी निघते,
तिला लिंग नाही.

सकाळी सहाला पानं उलटायची.
वीस झाडं, प्रत्येकाची तीन पानं,
वरचं, मधलं, तळचं.
तुडतुडे तिरके चालतात
उधारी असलेल्या दुकानासमोरून जावं तसे.
पांढरी माशी फुंकरीनंही उठते,
पीठ चाळताना उडावं तशी,
आणि चाळिसाच्या पुढं माझं मोजणं चुकतं.
वहीत मी "पुष्कळ" लिहिते.
"पुष्कळ एटले केटला?"
मंगुबेनला लिहिता येत नाही. मोजता येतं.
तिच्या ओढणीच्या गाठीत चिंचोके असतात,
किडक्या शेंगेमागे एक चिंचोका
ती डाव्या मुठीत घेते.

औषधवाला भूपतभाई म्हणाला होता,
तीन बाटल्या एका पंपात, बेन,
काही म्हणता काही उरणार नाही.
खरंच उरलं नाही मागच्या साली:
ठिपक्यांचे लाल ढालकिडे गेले,
बांधावरच्या माश्या गेल्या,
बाराव्या दिवशी तुडतुडे तेवढे परत आले
लग्नाच्या वऱ्हाडाएवढे.
आणि भेंडी तर एक दिवसाआड तोडावीच लागते,
नाहीतर जून होते, काठीसारखी.
औषध सात दिवस थांबा म्हणतं.
मधल्या तोडण्या कुणाच्या ताटात जातात
हे भूपतभाईला विचारलं,
तर तो सुट्टे पैसे शोधायला लागला.

आता बांबूवर कामगंध सापळे टांगलेत.
आत कुणीच नाही.
रबराचं एक बूच,
त्याला तिच्या असण्याचा वास.
रात्रभर पतंग येतात, पंखावर हिरवी पाचर मिरवत,
सकाळी पिशवीत अकरा.
"बधा वरराजा!" मंगुबेन हसते.
मग पिशवीची गाठ जरा जास्तच घट्ट मारते.

तिसऱ्या ओळीत सात झाडांना हळद लागली.
शिरा पिवळ्या, पान पिवळं, शेंग मेणासारखी फिकी.
या हळदीला ना मुहूर्त ना गाणी.
मुळासकट उपटायची, खड्ड्यात पुरायची,
हात साबणानं धुवायचे.
मंगुबेन उपटण्याआधी प्रत्येक झाडाला
एकदा नीट उभं करते. का, ते मी विचारलेलं नाही.

शंभरात पाच.
पाचाच्या पुढं गेलं तर फवारा,
पाचाच्या अलीकडं तर हात मागं.
कृषी केंद्रातला पोरगा हे सांगून स्कूटरवर बसून गेला,
अलीकडं राहायला किती धीर लागतो ते न सांगता.

आज शंभर शेंगा गोणपाटावर ओतल्या.
एक. दोन. आडव्या ओळीत तिसरी. चौथी तर
धरल्याबरोबर बोटाला ओली लागली.
मग एक अशी, की भोक आहे
पण विष्ठा ताजी नाही.
"आ गणवानी?"
मी म्हटलं, मोजायची. ती म्हणाली, थांब.
तिनं नखानं शेंग उभी फाडली.
आत अळी होती,
वाळलेली, कागदासारखी,
आणि तिच्या अंगाशी तांदळाच्या कणीएवढे
पांढरे कोष, एकाला एक चिकटून.
कुणीतरी आमच्या आधी येऊन गेलं होतं,
पंपाशिवाय, बिलाशिवाय.

मंगुबेननं पाचवा चिंचोका
मुठीत घेतला नाही, तोंडात टाकला
आणि कडाकड चावत राहिली.
ती अर्धी शेंग आम्ही परत झाडाखाली ठेवली,
कोष वर करून, पानाच्या सावलीत.

किडक्या चार मी घरी आणल्या.
दांडिया बाजारातल्या माझ्या ओट्यावर
भोकाभोवतीचं बोटभर कापून टाकलं.
उरलेली भेंडी चांगली होती.
बाजारात हे कुणी मानत नाही.