अकरा चाली

बाबेल्सबर्ग. नोव्हेंबर. चार वाजताच दिवा लावलेला.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप,
खारवलेल्या काकड्यांची उघडी बरणी,
आणि वडिलांची झेडिन यार्डातली वही,
चौकोनी रेघांची, कोपऱ्यांना अजून वंगणाचा वास.

वहीत एक कोडं आहे: पाच डबे, तीन रूळ, एक इंजिन.
तिसरा डबा सगळ्यांच्या पुढे हवा,
आणि दोन नंबरचा रूळ तोकडा.
खाली जाड आकडा, दोनदा गिरवलेला: अकरा.
तारीख खोडलेली.

हेनरिकेचं हत्यार छोटं. त्याला ना चित्र ना बटण,
काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा.
एका तोंडानं योजना आत जाते,
काय आहे, काय करता येतं, शेवटी काय हवं,
दुसऱ्या तोंडानं नुसती विधानं बाहेर येतात
कोर्टातल्या साक्षीदारासारखी, विचारलं तेवढंच बोलणारी:

डबा(तीन).
रूळ(दोन).
उभा(तीन, दोन, शून्य).

शून्य म्हणजे अजून काहीच घडलेलं नाही.

आणि एक नियम, ज्याचं तिला दर वेळी हसू येतं:
जे कुणी हलवलं नाही
ते पुढच्या क्षणीही तिथंच असतं.
हा लिहायचा राहिला तर
डबे जागच्या जागी नाहीसे होतात,
चोर नाही, वारा नाही, फक्त कुणी सांगितलं नाही म्हणून.

ओर्टविन चष्मा पुसतात.
"हे सांगावं लागतं?"
"लागतं, पापा."
"आमच्याकडे नवी पोरं यायची, त्यांना एवढंच माहीत असायचं."

ती एंटर दाबते.
पाच चालींत? नाही.
सहा, सात. नाही.
आठला पंखा घरघरतो, काकड्यांच्या पाण्यात बारीक थरथर. नाही.
नऊ.
नऊ!
ती पडदा त्यांच्याकडे वळवते, शाळेतून प्रगतिपुस्तक आणल्यासारखा.
"तुमच्या दोन चाली वाचवल्या."

ते वाचतात. बोट पडद्यावर टेकवून, एकेक ओळ,
ओठ हलवत, जसं यार्डात कंदिलाखाली वाचत असतील.
सहाव्या ओळीवर बोट थांबतं.

"इथे एगोन मेला."

"कोण एगोन?"

"पाचव्या चालीत तू दुसरा आणि चौथा डबा सोडवलास.
कोणी सोडवला? आकडा आपणहून उडी मारत नाही.
माणूस वाकून आत जातो, बफरांच्या मधे.
आणि सहाव्या चालीत तू इंजिन मागे ढकललंस.
तो बाहेर कधी आला?"

ती फाइल वर-खाली करते.
डबे आहेत. रूळ आहेत. सांधे आहेत.
माणूस नाही.
हत्याराची चूक नाही. त्यानं अक्षर गाळलं नाही,
तिनं जे लिहिलं नव्हतं तेही
जसंच्या तसं पलीकडे नेलं.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

मग ती लिहिते, हळू, एरवीपेक्षा पुष्कळच हळू:
माणूस(एगोन).
आकडा काढायचा तर तो आत हवा.
इंजिन हलवायचं तर तो बाहेर हवा.
आणि आत जाणं जमेस धरलं नाही तरी
बाहेर येणं ही एक आख्खी चाल आहे.

नऊ? नाही.
दहा? नाही.
पंखा पुन्हा सुरू होतो. ओर्टविन पडद्याकडे बघत नाहीत,
काट्यानं बरणीतली शेवटची काकडी पकडतात, ती निसटते,
पुन्हा पकडतात.
अकरा.

"बरोबर आली," ती म्हणते, "तुमचीच."
ते मान हलवतात, काकडी खात नाहीत.

ती वही दिव्याखाली धरते, सहज, बंद करण्याआधी.
जाड अकराच्या खाली, कागद जिथे खरवडलाय तिथे,
एका आकड्याचं गोल पोट अजून दिसतं,
आणि खाली वळलेलं शेपूट.

ती विचारत नाही.
पडद्यावर कर्सर लुकलुकतो,
पुढची ओळ काय, याची वाट बघत.